कुलपातले पाच कांदे

मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं. दुधाच्या पातेल्याला आतून नखाने खूण करणारी, जिना उतरल्यावर गॅस बघायला पुन्हा वर जाणारी, कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहणारी. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. आमचे हे म्हणतात, उद्या साक्षात गणपती दारात आला तर तू त्याच्याकडे आधार कार्ड मागशील. मागीन. का मागू नये?

राहते पुण्यात कसबा पेठेत, कॉलेजला पूल ओलांडून चालत जाते. वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट म्हणून एकोणतीस वर्षं झाली. मुलं कधी 'मावशी' म्हणतात, तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं करते. मॅडम म्हटलं की लगेच ऐकू येतं. एकोणतीस वर्षांत माझ्या लॅबमधून एक कव्हरस्लिपसुद्धा, म्हणजे स्लाइडवर झाकायची ती नखाएवढी काचसुद्धा, हिशेबाबाहेर गेलेली नाही, असं आमचे विभागप्रमुख सर पाहुण्यांना सांगायचे. मी तोंड वाकडं करून काच पुसत राहायचे, पण आतून सुखावायचे. खोटं कशाला बोलू?

ही गोष्ट सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या एका मुलीची आहे, आणि अर्थातच माझी.

मुलगी यवतमाळकडची. तिकडच्या ज्युनियर कॉलेजातली कायमची नोकरी सोडून आलेली. खराडीत आयटीत नोकरी करणाऱ्या मामेबहिणीकडे राहायची आणि बस, मग मेट्रो, मग पायी असं करत दहाला पोचायची. पहिल्याच दिवशी मला 'काकू' म्हणाली. मॅडम नाही, मावशी नाही, सरळ काकू. आता याला काय म्हणायचं ते मला ठरवता येईना, म्हणून मी ओ दिली. आल्या आल्या आपला डबा, पाण्याची बाटली, मोबाइल असं सगळं माझ्या टेबलावर ठेवायची आणि बिनधास्त लायब्ररीत निघून जायची. इतका विश्वास टाकणारं माणूस दिसलं की माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकते.

तिचा विषय होता तणनाशक. तिच्याकडे सोयाबीनच्या शेतात जे फवारतात, ते जमिनीतून पाण्यात उतरलं तर दुसऱ्या पिकाच्या मुळाचं काय होतं, ते ती कांद्यावर पाहत होती. कांदाच का, तर त्याच्या मुळाची पेशी मोठी, आतलं सगळं स्पष्ट दिसतं. मंडईतून कांदे मी आणायचे. बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडायची आणि काठोकाठ भरलेल्या काचेच्या ग्लासावर कांदा असा बसवायचा की नुसतं बूड ओलं राहील. दोन-तीन दिवसांत खाली पांढरीशुभ्र मुळं लोंबायला लागतात.

त्या मुळाच्या टोकाशी, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत, पेशी सारख्या दुभंगत असतात. एकीच्या दोन व्हायच्या तर आतली गुणसूत्रं दोघींना सारखी वाटली जायला हवीत. त्या वाटणीसाठी पेशी धागे उभारते. सर त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात, मी धागेच म्हणते. बारीक मण्यांचे बनलेले असतात. लागतील तेव्हा मणी जुळायचे, काम झालं की सुटायचे. हे धागे दोन बाजूंनी गुणसूत्रांना धरतात आणि आपापल्याकडे ओढून नेतात. आता पाण्यात कॉल्चिसीन नावाचं औषध घातलं, तर मणी जुळतच नाहीत. धागे नाहीत म्हणजे ओढणारं कुणी नाही. मग गुणसूत्रं मधल्या मध्ये विखरून राहतात, कार्यालयात जेवणाच्या हॉलचं दार उघडेना म्हणून पाहुणे ताटकळावेत तशी. मुलीचं म्हणणं होतं की तणनाशकही हेच करतं, आणि तेही अगदी थोडं असलं तरी.

तिने पाच ग्लास मांडले होते. दोनांत नुसतं पाणी. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, म्हणजे जिथे काहीच केलेलं नाही आणि सगळं नीट चाललेलं दिसायला हवं असा साक्षीदार. बाकी तिनांत तणनाशक, कमी-जास्त प्रमाणात. पेशी सर्वांत जास्त दुभंगतात त्या सकाळी नवाच्या सुमारास. मुलगी खराडीहून तोवर पोचायची नाही, म्हणून मुळांची टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात टाकायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. त्या मिश्रणात पडलं की पेशी जिथे असेल तिथे थिजते. पुढे रंग देणं, काचेवर टोक चिरडणं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे मुलीचं.

पहिले चार महिने तिचे निकाल इतके सुंदर आले की सर तिच्या स्लाइड दुसऱ्या प्राध्यापकांना बोलावून दाखवायला लागले. पाण्यातल्या पेशींत वाटणी कशी शिस्तीत चाललेली, आणि तणनाशकातल्या पेशींत सगळा विसकोट. थेंबभर तणनाशकाने कॉल्चिसीनइतका परिणाम! सर म्हणाले, उत्तम. मी म्हटलं, फारच उत्तम. दोन्हींत फरक आहे, तो ज्याला कळतो त्याला कळतो.

कॉल्चिसीन विषारी असतं. त्याची काळी बाटली आमच्या जुन्या, कुलूपवाल्या फ्रिजमध्ये असते. चावी खिळ्याला टांगलेली, म्हणजे कुलूप असून नसल्यासारखं. पण बाटलीवर पातळीची पेन्सिलची खूण मी केलेली असते, हे कुणाला माहीत नव्हतं. एके दिवशी पाहिलं तर द्रव खुणेच्या खाली, चांगला बोटभर. आणि मुलगी रोज माझ्यानंतर अर्धा-पाऊण तास लॅबमध्ये एकटी थांबते. झालं. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. तणनाशकाचा परिणाम दिसत नसणार, म्हणून ही बया त्या तीन ग्लासांत कॉल्चिसीन घालते आहे.

सरांना लगेच सांगायला मी काही कच्ची नाही. आधी पुरावा. तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागले. तसं ठेवल्यावर काय, सगळंच दिसतं. मी आत गेले की ती काहीतरी पटकन मुठीत लपवायची. एकदा ती जेवायला गेली आणि तिची पिशवी माझ्या टेबलाजवळच होती. माझ्या भरवशावर ठेवलेली. मी ती उघडली. हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात, पण उघडली. आत रुमालात गुंडाळलेली इवलीशी काचेची बाटली, पाण्यासारखा रंग, वरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मी होतं तसं ठेवून दिलं. माझी खात्रीच पटली.

मग मी सापळा लावला. खिळ्यावरची चावी काढून पर्समध्ये टाकली. संध्याकाळी मुलगी जाईपर्यंत थांबायला लागले. ती गेली की पाची ग्लासांचा ट्रे उचलून फ्रिजमध्ये ठेवायचा, कुलूप लावायचं, तीनदा ओढायचं आणि घरी. सगळ्या विभागात कुलपात बंद होणारी तेवढी एकच जागा होती. सकाळी साडेआठला हजर. ट्रे बाहेर काढायचा, टोकं कापून मिश्रणात टाकायची. ग्लासांना बाहेरून दव सुटलेलं असायचं, ते फडक्याने पुसायचं आणि ट्रे पुन्हा खिडकीपाशी, जिथल्या तिथे. दहाला बाईसाहेब येणार. माझा हिशेब सरळ होता. रात्रभर ग्लास माझ्या कुलपात, तिला काही घालता येणार नाही. म्हणजे तणनाशकातली मुळंही आता ठणठणीत दिसणार आणि तिचं पितळ उघडं पडणार.

सलग तीन दिवस मी हे केलं. मुलीने स्लाइड केल्या, पाहिल्या, आणि पुन्हा पाहिल्या. मग मान खाली घालून बसून राहिली. मी सहज गेल्यासारखी मागे जाऊन उभी राहिले. तणनाशकातल्या पेशींत विसकोट होताच. पण पाण्यातल्याही पेशींत विसकोट. गुणसूत्रं मधोमध पसरलेली, वाटणी नाही, काही नाही. साक्षीदारच फुटला.

एखाद्या सरळ माणसाला इथे वाटलं असतं, काहीतरी वेगळंच घडतंय. मला वाटलं, पोरगी घाबरली. कुणीतरी पाळत ठेवतंय हे तिला कळलं आणि तिने थेट डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्येच औषध ओतलं. मी त्याच दुपारी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. काळी बाटली, खरवडलेलं लेबल, एकटीने थांबणं. फ्रिजचं तेवढं सांगितलं नाही. म्हटलं, सापळा उघड केला तर तो सापळा कसला?

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, स्वतःचाच कंट्रोल कोण कशाला बिघडवेल? मी म्हटलं, घाईत हात चुकला असेल. पण संशय ही गोष्ट अशी आहे की ऐकणाऱ्याच्या अंगाला थोडी लागतेच. त्यांनी मुलीला बोलावून नवा कॅन दिला, नवे कांदे घ्यायला लावले आणि सगळं पुन्हा करायला सांगितलं. तिने केलं. मी रोज संध्याकाळी ट्रे कुलपात ठेवला. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. पुन्हा तेच.

आता प्रकरण अंगाशी यायला लागलं, म्हणजे तिच्या. महिनाअखेर तिचा आढावा होता. बाहेरून दोन परीक्षक येणार होते. तिला एकदा मुदतवाढ मिळून गेलेली, दुसरी मिळत नाही. सर तिला म्हणाले, कंट्रोल स्वच्छ येत नसेल तर आधीच्या निकालांवर मी कुठल्या तोंडाने विश्वास ठेवा म्हणू? विषय बंद करण्याची शिफारस करावी लागेल. दार उघडं होतं आणि मी बाहेर स्लाइडच्या पेट्या लावत होते. मुलगी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. नोकरी सोडून आलेली, परत जायचं तर ती जागा भरलेली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण फसवणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी, असं म्हणून मी ते गिळलं.

तिसऱ्या फेरीपासूनच ती जरा विचित्र वागायला लागली होती. सकाळी आली की आणि संध्याकाळी निघताना पट्टी घेऊन मुळांची लांबी मोजायची आणि वहीत लिहायची. ग्लासांवरच्या कागदी चिठ्ठ्या उजेडात धरून बघायची. एकदा ग्लासाला बाहेरून तळवा लावून उभी राहिली. मी विचारलं, काय बघतेस गं? म्हणाली, "काही नाही काकू, मुळं वाढून नाही राहिली, तेच पाहून राहिली." मी मनात म्हटलं, नाटकं.

आढाव्याच्या दोन दिवस आधी एमएस्सीच्या मुलांच्या गव्हाच्या मुळांच्या प्रात्यक्षिकाची तयारी होती. सरांनी बर्फ आणायला सांगितलं. हे बर्फाचं काम गेली एकोणतीस वर्षं माझंच आहे. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून लादीचा तुकडा आणायचा, फोडायचा, थर्मासमध्ये बर्फाचं पाणी करायचं आणि अंकुरलेल्या गव्हाची मुळं त्यात चोवीस तास बुडवून ठेवायची. कशासाठी, ते मी कधी विचारलं नव्हतं. दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या कागदाच्या झेरॉक्स मीच काढते आणि मीच वाटते, पण वाचायचा कशाला? पाठच आहे की.

त्या दिवशी बर्फाच्या पाण्यात हात होता आणि समोर तो कागद पडलेला होता. नजर गेली म्हणून वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की थंडीने पेशीतले धागे सुटे होतात, वाटणी थांबते आणि गुणसूत्रं मोकळी पसरतात, म्हणून हे बर्फाचं पाणी.

मी ती ओळ पुन्हा वाचली. हात पाण्यातच होता आणि बधिर झाला होता, तरी काढायचं सुचेना. कॉल्चिसीन नको, तणनाशक नको. नुसती थंडी पुरे होती. आणि आमचा तो जुना फ्रिज, वरच्या खणाला सदा बर्फ धरणारा, त्याच्या बरोबर खाली मी तो ट्रे सरकवत होते. नऊ रात्री. बाहेर काढल्या काढल्या, मुळं ऊबेला यायच्या आधीच, माझ्याच हातांनी मी टोकं कापत होते. पुन्हा कुणी हात लावायला नको म्हणून घाईघाईने.

जी थंडी दरवर्षी मी थर्मासमध्ये औषधासारखी भरते, तीच फ्रिजमध्ये असताना मला नुसती ठेवायची जागा वाटली. फ्रिज म्हणजे भाजी, दूध, कोथिंबीर. त्यात काही बिघडतं हे कुठल्या बाईच्या डोक्यात येईल? फ्रिजमध्ये तर वस्तू टिकतात.

आता वाटेल की मी तशीच सरांकडे धावले. नाही धावले. घरी गेले. रात्रीचं जेवण केलं, भांडी आवरली. स्वतःला सांगून पाहिलं की फ्रिजचा काटा कमीवर होता. सांगून पाहिलं की काळ्या बाटलीचं काय मग, आणि त्या लेबलाचं काय? यांना सांगितलं. हे आधी हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. म्हणाले, उद्या जाऊन सांगून टाक. मला त्यांचाच राग आला. सांगून टाक म्हणे. एकोणतीस वर्षं जिच्या लॅबमधून कव्हरस्लिप हलली नाही, तिने जाऊन सांगायचं की दुसऱ्याच्या प्रयोगाची माती मी केली, तीही तिला चोर ठरवण्यासाठी? दुसऱ्या दिवशी गेले, आणि नाही सांगितलं. सर मीटिंगमध्ये होते हे खरं आहे. पण दुपारी ते केबिनमध्ये तासभर एकटे बसले होते, हेही खरं आहे.

एक मात्र विचारलं. दारातूनच म्हटलं, सर, कॉल्चिसीनची पातळी खाली गेली होती तेव्हा कुणी घेतलं होतं का? सर वर न बघता म्हणाले, मीच घेतलं होतं बाई, एमएस्सीच्या दुसऱ्या एका प्रात्यक्षिकाला. चावी खिळ्याला होती.

आढाव्याच्या दिवशी सूक्ष्मदर्शक मांडून द्यायला मी हॉलमध्ये होते. टेबलाच्या त्या बाजूला सर आणि बाहेरचे दोघे परीक्षक, या बाजूला मुलगी. मी मागे भिंतीशी उभी. ठरवलं होतं की ती बोलायच्या आधी बोलायचं. सरांनी सुरुवात केली, आणि मी हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिले.

मुलीने आधी पहिल्या चार महिन्यांचं दाखवलं. मग तिन्ही बिघडलेल्या फेऱ्या, काही न लपवता. मग म्हणाली की पाण्यात औषध मिसळलं असतं, तर रोज रोज ते पिऊन मुळांची टोकं काडेपेटीतल्या काडीच्या डोक्यासारखी फुगली असती. तणनाशकातली फुगली आहेत, पाण्यातली बारीकच आहेत. म्हणजे जे झालं ते औषधाने झालं नाही. मुळं दिवसा वाढतात आणि रात्री थबकतात, हे वहीत मोजून लिहिलं होतं. ग्लासांवरच्या चिठ्ठ्यांची शाई बाहेरच्या बाजूने फुटली होती, दव धरल्यासारखी. पुण्यात मार्चमध्ये खोलीत दव कुठून येणार?

मग तिने दोन स्लाइड आणि दोन फोटो ठेवले. खराडीत बहिणीच्या घरी तिने दोन ग्लास लावले होते, साध्या पाण्याचे. एक ओट्यावर, एक रात्रभर फ्रिजमध्ये. फोटो दुसऱ्या संस्थेतून खास रंग देऊन काढून आणलेले, त्या रंगाने धागे हिरवे चमकतात. ओट्यावरच्या कांद्याच्या पेशीत दोन्ही टोकांकडून आलेले हिरवे धागे मोजता येतील इतके स्वच्छ. फ्रिजमधल्यात धागा नाही, नुसतं हिरवट धुकं. परीक्षक एकेक करून सूक्ष्मदर्शकात वाकले.

त्यांतल्या वयस्कर बाई मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे तुमचे ग्लास रात्री कुणीतरी थंडीत ठेवत होतं. कोण?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. वहीकडे बघत म्हणाली, "माहीत नाही, मॅडम."

तिला माहीत होतं. फ्रिजची चावी खिळ्यावरून कुठे गेली हे त्या लॅबमध्ये आंधळ्यालाही कळलं असतं. ती 'माहीत नाही' म्हणाली, आणि मला कुणीतरी भर सभेत कानफटात मारल्यासारखं झालं.

"मी ठेवत होते," मी म्हटलं.

तीनही डोकी माझ्याकडे वळली. मग मी सगळं सांगितलं. बाटलीवरची खूण, सापळा, नऊ रात्री, बर्फ. पिशवी उघडल्याचंही सांगितलं, नाहीतर अर्धं सांगून काय उपयोग. त्या लेबलाचं निघालं तेव्हा मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. खिशातून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. बिनरंगाचं नेलपॉलिश. कव्हरस्लिपच्या कडा बंद करायला ती ते वापरायची. ती आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका मुलीला लॅबमध्ये नेलपॉलिश दिसलं म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. तेव्हापासून ही घाबरून ते लपवत होती.

परीक्षकांनी तिचं काम पुढे चालू ठेवायला सांगितलं, वर त्या दोन खराडीच्या ग्लासांचंही कौतुक केलं. मला सरांनी नंतर केबिनमध्ये बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं." बस, एवढंच. पाहुण्यांपुढे कव्हरस्लिपची गोष्ट सांगायचं त्यांनी त्यानंतर सोडून दिलं.

मुलीची मी माफी मागितली. जिन्यात गाठून मागितली, सरळ शब्दांत. ती म्हणाली, "जाऊ द्या न, काकू." आवाजात राग नव्हता. पण माझा स्वभाव माझ्याबरोबरच आहे ना. त्या दिवशी तिने मला वाचवायला 'माहीत नाही' म्हटलं, की आपण नाव घेतलं तर बहाणा वाटेल, बाईंच्याच तोंडून वदवावं, असा विचार केला होता? मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमतही होत नाही.

याला आता सहा महिने होऊन गेले. तिचं लिखाण सुरू झालंय, पण कांद्यांची एक शेवटची फेरी चालू आहे. खिडकीपाशी लाकडी कपाट होतं, ते तिने सरांना विचारून मागून घेतलं. त्याला वारा जायला भोकं पाडली आणि बुधवार पेठेतून पितळी कुलूप आणून लावलं. सकाळी नवाला टोकं कापायला ती आता स्वतः येते. खराडीहून पहाटे निघावं लागत असणार. डबा, बाटली, मोबाइल काहीही माझ्या टेबलावर नसतं. लायब्ररीत जाताना ती पाठीवरची सॅक घेऊनच जाते. अजूनही काकूच म्हणते, हसून म्हणते.

परवा दुपारी ती जेवायला निघाली. पाची ग्लास कपाटात ठेवले, दार लावलं, कुलूप लावलं. मी समोरच स्लाइड पुसत बसले होते. मान वर केली नाही, पण ऐकत होते. तिने कुलूप एकदा ओढलं. मग पुन्हा ओढलं. जायला वळली, थांबली, आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढलं.